टोकियो ते लॉस एंजेलिस: जाताना दहा तास, येताना बारा

टोकियोहून सोमवारी संध्याकाळी पाचला सुटलेले विमान लॉस एंजेलिसला सोमवारीच सकाळी दहाला उतरते. म्हणजे निघायच्या सात तास आधी! परतीचे विमान सोमवारी दुपारी बाराला निघते आणि टोकियोला पोहोचते मंगळवारी संध्याकाळी पाचला. जाण्याच्या तिकिटावर प्रवासाचा वेळ साधारण दहा तास छापलेला, येण्याच्या तिकिटावर जवळपास बारा. अंतर शोधायला जावे तर एक संकेतस्थळ ८,८१० सांगते, दुसरे ५,४७५ आणि तिसरे ४,७५५. सीटसमोरच्या नकाशावर पाहावे तर विमानाची रेघ सरळ जायची सोडून अलास्काच्या बाजूला फुगलेली.

यातले काहीच चुकीचे नाही. तीन आकडे ही तीन एककांची करामत आहे: किलोमीटर, साधा मैल (१.६०९ किमी) आणि सागरी मैल (१.८५२ किमी). विमानक्षेत्र सागरी मैलात मोजते. बाकीचा गोंधळ मात्र इतक्या सहज सुटत नाही, कारण तो आपल्या एका समजुतीतून येतो. विमान जमिनीवरचे अंतर कापते असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते कापते हवा, आणि ती हवा स्वतः पळत असते.

आधी सरळ रेघेचे काय ते पाहू

जुना रबरी चेंडू कापून टेबलावर सपाट पसरायचा प्रयत्न करा. कुठे तरी तो ताणावा लागतो, नाहीतर फाटतो. जगाचा नकाशा काढताना नेमके हेच होते. भिंतीवरच्या नकाशांचा सर्वांत रुळलेला प्रकार गेरार्डस मर्केटरने १५६९ साली काढलेल्या नकाशावरून आला. त्यात ध्रुवांकडचा भाग प्रचंड ताणला जातो. त्यामुळे ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते. वास्तवात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे.

मर्केटरच्या नकाशाचा उपयोग जहाजांना होता. त्यावर ओढलेली सरळ रेघ म्हणजे होकायंत्राचा काटा एकाच अंशावर धरून जाण्याचा मार्ग. सोयीचा, पण जवळचा नव्हे. जवळचा मार्ग हवा असेल तर पृथ्वीचा गोल घ्या आणि दोन शहरांवर दोरा ताणून धरा. दोरा जिथून जातो तो सर्वांत कमी अंतराचा मार्ग. भूगोलात याला बृहद्वृत्त म्हणतात: पृथ्वीचे बरोबर दोन समान भाग करणारे वर्तुळ. विषुववृत्त हे एक बृहद्वृत्त. त्याच्या उत्तरेची-दक्षिणेची अक्षवृत्ते मात्र बृहद्वृत्ते नाहीत, आणि घोटाळा तिथेच होतो.

टोकियो साधारण ३५.५ अंश उत्तरेला, लॉस एंजेलिस ३४ अंश उत्तरेला. जवळपास एकाच पातळीवर. नकाशावर सरळ पूर्वेला गेले की झाले असे वाटते. तसे गेल्यास अंतर भरते सुमारे ९,३०० किमी. दोऱ्याच्या मार्गाने ते ८,८१० किमी आहे आणि तो मार्ग मध्यावर जवळजवळ ४८ अंश उत्तरेपर्यंत चढतो. जवळपास पाचशे किमी वाचले, म्हणजे अर्ध्या तासाहून जास्त उड्डाण. नकाशावर वाकडी दिसणारी रेघच गोलावर सरळ असते.

आकडा निघतो कसा

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे आणि पृथ्वीच्या केंद्रापाशी त्या दोन ठिकाणांमध्ये किती अंशांचा कोन होतो ते काढायचे. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, अधिक दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा आणि रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनचा गुणाकार. जे येईल तो त्या कोनाचा कोसाइन. टोकियोच्या हानेदा आणि लॉस एंजेलिस विमानतळांसाठी हा कोन ७९.२६ अंश येतो. एक अंश म्हणजे ६० सागरी मैल. साठाने गुणले की सुमारे ४,७५५ सागरी मैल. सागरी मैलाची व्याख्याच मुळात अंशाच्या साठाव्या भागावरून ठरली, म्हणून विमान आणि जहाजवाले ते एकक सोडत नाहीत.

हिशेब स्वतः करून पाहणाऱ्यांची चूक बहुधा एकाच ठिकाणी होते: पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह द्यायचे राहते. मग लॉस एंजेलिस पॅसिफिकच्या पलीकडून उचलले जाऊन थेट पूर्व चीनमध्ये पडते आणि अंतर दोन हजार किमीच्या आत येते. दुसरी चूक म्हणजे कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककावर असणे. पृथ्वी पूर्ण गोल नसून ध्रुवांकडे किंचित चपटी आहे (विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८ किमी, ध्रुवांशी ६,३५७), त्यामुळे साध्या सूत्रात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक राहू शकतो. दोन संकेतस्थळांत वीस-तीस किमीचा फरक दिसला तर कारण बहुधा हे, किंवा एकाने शहराचा मध्य धरला आणि दुसऱ्याने विमानतळ.

हवा पळते तेव्हा अंतर बदलते

नदीत होडी वल्हवणारा सारख्याच जोराने वल्ही मारतो, पण प्रवाहाबरोबर जाताना काठ भराभर मागे सरतो आणि उलट येताना काठावरचे झाड हलायचे नाव घेत नाही. त्याने कापलेले पाणी दोन्ही वेळा वेगळे असते, काठ मात्र तेवढाच.

विमानाची नदी म्हणजे जेट प्रवाह. जमिनीपासून साधारण ९ ते १२ किमी उंचीवर, मध्य अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वाऱ्याचा पट्टा. ध्रुवाकडची थंड हवा आणि विषुववृत्ताकडची उष्ण हवा यांच्यातल्या तापमानाच्या फरकातून तो जन्मतो आणि पृथ्वीच्या फिरण्याने पूर्वेकडे वळतो. हिवाळ्यात हा फरक वाढतो, म्हणून प्रवाहही जोर धरतो. त्यात ताशी दीडशे ते अडीचशे किमी वेग नित्याचा. कधीकधी तो साडेतीनशेच्याही वर जातो. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले आणि निष्कर्ष एस्परांतो या भाषेत छापले. जगभर वाचले जावे हा हेतू. झाले बरोबर उलटे, जवळजवळ कोणीच वाचले नाही. १९४४ मध्ये जपानवर उंचावरून आलेल्या अमेरिकन बी-२९ विमानांना या वाऱ्यांनी गाठले, तेव्हा कुठे त्यांची दखल घेतली गेली.

आता आकडे घालून पाहू. लांब पल्ल्याचे विमान हवेच्या सापेक्ष ताशी ९०० किमीच्या आसपास उडते. पूर्वेला जाताना पाठीशी सरासरी १०० किमीचा वारा आहे असे समजू. जमिनीवरून पाहिले तर वेग १,०००, आणि ८,८१० किमी संपायला ८ तास ४९ मिनिटे. या काळात विमानाने हवा कापली फक्त ७,९३० किमी. परतताना तोच वारा तोंडावर: जमिनीवरचा वेग ८००, वेळ ११ तास, कापलेली हवा ९,९०० किमीच्या वर. जमिनीवर एकच अंतर, हवेत सुमारे दोन हजार किमीचा फरक. उड्डाणाची आखणी करणाऱ्या डिस्पॅचरला इंधन भरायचे असते ते या हवेतल्या अंतरासाठी.

एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. जाताना मिळाले, येताना गेले, फिटंफाट झाली असे होत नाही. वर दिलेल्या उदाहरणात दोन्ही बाजूंची बेरीज वारा नसतानाच्या वेळेपेक्षा पंधरा मिनिटांनी जास्त भरते. कारण सोपे: समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असते, म्हणून तोट्याला जास्त वेळ मिळतो.

मग जमिनीवरचा वेग पडद्यावर १,२०० दिसला तर विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला का? नाही. ध्वनीसुद्धा हवेतूनच जातो, तोही त्याच वाऱ्यावर स्वार असतो. ११ किमी उंचीवर, उणे ५६ अंश तापमानात ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किमी असतो, आणि विमान भोवतालच्या हवेच्या तुलनेत त्याच्या ८५ टक्क्यांवरच असते. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर वादळी वारे असताना ब्रिटिश एअरवेजचे एक बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. एरवी याला सहा-साडेसहा तास लागतात. जमिनीवरचा त्याचा वेग ताशी १,३०० किमीच्या पुढे गेला होता, पण हवेत ते नेहमीचेच विमान होते.

जवळचा रस्ता सोडून लांबून जाणे परवडते?

परवडते, आणि रोज केले जाते. वरच्या उदाहरणात परतीचे विमान ३०० किमीचा वळसा घेऊन उत्तरेला सरकले आणि तिथे समोरचा वारा १०० ऐवजी ५० मिळाला असे धरा. अंतर ९,११० किमी, वेग ८५०. वेळ १० तास ४३ मिनिटे. लांबून जाऊनही सुमारे १७ मिनिटे आधी. मोठे दोन इंजिनी विमान तासाला साधारण ५ ते ८ टन इंधन जाळते, म्हणजे दीड-दोन टनांची बचत. म्हणूनच पॅसिफिकवर पश्चिमेला जाणारी विमाने बऱ्याचदा अलास्का आणि अल्यूशन बेटांकडून जातात आणि पूर्वेला येणारी दक्षिणेकडच्या जोरकस वाऱ्यावर बसतात. कालच्या विमानाचा मार्ग आजच्या विमानाला लागू पडेलच असे नाही.

अटलांटिकवर तर मार्गांची आखणी दिवसातून दोनदा होते. वाऱ्याचा अंदाज पाहून समांतर हवाईमार्ग जाहीर केले जातात. पूर्वेला जाणारे कॅनडातील गँडर केंद्राकडून, पश्चिमेला जाणारे ब्रिटन-आयर्लंडच्या शॅनविक केंद्राकडून. सकाळी रस्ता बांधायचा, संध्याकाळी मोडायचा, असा तो प्रकार.

पण पृथ्वी फिरते, त्याचा परिणाम नाही का?

हा प्रश्न हमखास येतो. पृथ्वी विषुववृत्ताशी ताशी १,६७० किमी वेगाने पूर्वेकडे फिरते. मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानासमोर मुक्कामाचे शहर स्वतःहून यायला हवे. विमानाने नुसते वर जाऊन थांबावे!

धावत्या रेल्वेच्या डब्यात उडी मारून पाहा. आपण मागच्या भिंतीवर आदळत नाही, कारण उडी मारण्याआधीच आपल्याला गाडीचा वेग असतो आणि डब्यातली हवाही गाडीबरोबर चाललेली असते. वातावरण पृथ्वीबरोबर फिरते, आणि विमान धावपट्टीवर उभे असतानाच त्या फिरण्यात सामील असते. त्यामुळे पृथ्वीच्या फिरण्याने थेट फायदा-तोटा नाही. आडून मात्र आहे: जेट प्रवाह पूर्वेकडे वाहतो तो या फिरण्यामुळेच.

आकाशात दिसत नसलेल्या भिंती

१९४४ च्या शिकागो कराराचे पहिलेच कलम सांगते की प्रत्येक देशाची आपल्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण सत्ता आहे. देश वरून जाण्याचे शुल्क घेतो, आणि मनात आले तर वाट बंदही करतो. हेलसिंकी ते टोकियो हे याचे बोलके उदाहरण. बृहद्वृत्ताने अंतर ७,८०० किमीच्या आसपास, पण ती रेघ जवळजवळ सगळी रशियावरून जाते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने अनेक युरोपीय देशांच्या विमानांना आकाश बंद केले आणि फिनएअर या फिनलंडच्या कंपनीचा साडेनऊ तासांचा प्रवास सुमारे तेरा तासांवर गेला. मार्चपासून काही उड्डाणे चक्क उत्तर ध्रुवावरून जाऊ लागली. शहरे जागच्या जागी, विमान तेच.

दुसरी भिंत इंजिनांची. दोन इंजिनी विमानाचे एक इंजिन बंद पडले तर उरलेल्या एकावर ठराविक वेळेत उतरता येईल असा विमानतळ वाटेत कायम आवाक्यात हवा. या नियमाला ईटॉप्स म्हणतात. मूळ मर्यादा ६० मिनिटे. १९८५ मध्ये १२० मिनिटांना परवानगी मिळाली, पुढे १८०. आजच्या काही विमानांना ३०० मिनिटांच्याही वर आहे. पॅसिफिकवरच्या मार्गासाठी अलास्कातील कोल्ड बे किंवा मिडवे बेटासारखी ठिकाणे राखीव धरली जातात. तिथे बर्फवृष्टी असेल किंवा धावपट्टी बंद असेल तर मार्ग सरकवावा लागतो.

तिसरी भिंत खरोखरची, तिबेटच्या पठाराची. विमान ११ किमीवरून उडते, मग साडेचार किमी उंच पठाराची अडचण ती कसली? केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला झपाट्याने सुमारे ३ किमी उंचीवर यावे लागते, कारण छतातून लटकणाऱ्या मास्कमधला प्राणवायू बऱ्याच विमानांत पंधरा-वीस मिनिटेच पुरतो. पठारावर इतके खाली यायला जागाच नाही. म्हणून तिथून जाणारे मार्ग मोजके आहेत, आणि त्यावर उडायचे तर जास्तीचा प्राणवायू आणि आधी आखलेल्या सुटकेच्या वाटा लागतात.

आणखी वेगाने का नेत नाहीत?

ध्वनीच्या वेगाजवळ गेले की पंखांवरची हवा काही ठिकाणी ध्वनीपेक्षा वेगवान होते आणि हवेचा अडथळा एकदम वाढतो. थोडासा वेग वाढवायला भरमसाट इंधन जाते. कॉनकॉर्ड हे प्रवासी विमान ही भिंत ओलांडून ध्वनीच्या दुपटीने उडायचे. ७ फेब्रुवारी १९९६ रोजी त्याने न्यूयॉर्क ते लंडन २ तास ५३ मिनिटांत गाठले. २००३ मध्ये ते निवृत्त झाले. इंधनाचा खर्च प्रचंड, आणि जमिनीवर ऐकू येणाऱ्या स्फोटासारख्या आवाजामुळे पूर्ण वेगाची मुभा जवळपास समुद्रापुरतीच.

इंधनाला आणखी एक खोड आहे: ते वाहून न्यायलाही इंधन लागते. जास्तीच्या वजनापैकी तासाला साधारण ३ ते ४ टक्के इंधन ते वजन पेलण्यातच जळते. अठरा तासांच्या उड्डाणात शेवटच्या तासासाठी भरलेल्या इंधनाने आधीचे सतरा तास भार टाकलेला असतो. सिंगापूर ते न्यूयॉर्क हे सुमारे १५,३०० किमीचे अंतर न थांबता जाणाऱ्या एअरबस ए३५०-९०० च्या खास आवृत्तीत टाक्यांची क्षमता १,४१,००० वरून १,६५,००० लिटर केली आणि आसने फक्त १६१ ठेवली. इकॉनॉमी वर्ग नाहीच. पृथ्वीवर कोणतीही दोन ठिकाणे एकमेकांपासून २०,००० किमीहून फारशी लांब नसतात, तेव्हा आता गाठायचे फार उरलेले नाही. उरलेले किलोमीटर मात्र महागडे आहेत.

तिकिटावरचा वेळ हवेतला नसतो

छापलेला वेळ म्हणजे ब्लॉक टाइम: चाकांमागचे ठोकळे काढून विमान फाटकापासून हलते तिथपासून मुक्कामाच्या फाटकाशी थांबते तिथपर्यंत. यात धावपट्टीपर्यंतचे रांगणे आले, जे गर्दीच्या विमानतळावर वीस-तीस मिनिटे खाते. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो. १०,००० फुटांखाली बऱ्याच ठिकाणी २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किमी, ही मर्यादा. वर कंपन्या जास्तीच्या वेळाची थोडी गादी भरतात, म्हणजे उशिरा सुटूनही वेळेवर पोहोचल्याची नोंद व्हावी. वैमानिक 'आपण वीस मिनिटे लवकर उतरतो आहोत' असे सांगतो तेव्हा बऱ्याचदा या गादीतली हवा निघालेली असते.

घरबसल्या अंदाज

बृहद्वृत्ताचे अंतर किलोमीटरमध्ये घ्या, ८५० ने भागा, अर्धा तास मिळवा. टोकियो–लॉस एंजेलिससाठी जवळपास ११ तास येतात, म्हणजे दोन्ही दिशांच्या बरोबर मध्ये. सिंगापूर–न्यूयॉर्कसाठी साडेअठरा, तेही वेळापत्रकाच्या अगदी जवळ. प्रवास मध्य अक्षांशांत पूर्व-पश्चिम असेल तर दहा तासांच्या उड्डाणाला पूर्वेकडे पाऊण-एक तास वजा करा, पश्चिमेकडे तेवढाच मिळवा. हिवाळ्यात थोडे जास्त. उत्तर-दक्षिण प्रवासात हा फरक किरकोळ. वाटेत थांबा असेल तर दोन्ही टप्प्यांचे अंतर वेगवेगळे काढा आणि अर्धा तास दोनदा धरा, कारण चढ-उतार दोनदा होतो.

घड्याळाचा गुंता सोडवायला सगळे यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत आणायचे. टोकियो यूटीसीच्या ९ तास पुढे: संध्याकाळचे पाच म्हणजे यूटीसी सकाळचे आठ. त्यात दहा तास मिळवले की यूटीसी संध्याकाळचे सहा. लॉस एंजेलिस हिवाळ्यात ८ तास मागे, म्हणून तिथे सकाळचे दहा, वार सोमवारच. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली ती या बेरीज-वजाबाकीत आपोआप धरली गेली. तिच्यासाठी वेगळा दिवस मोजू नका, नाहीतर तो दोनदा मोजला जातो.

फसण्याची जागा एकच उरते: उन्हाळी वेळ. अमेरिकेत घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत लंडन आणि न्यूयॉर्कमधला फरक पाचऐवजी चार तास असतो, ऑक्टोबरअखेरही एक आठवडा तसेच. त्या दिवसांत जोडउड्डाण असेल तर तिकिटावरची स्थानिक वेळच प्रमाण माना, पाठ असलेला फरक नव्हे.